राईची हद्द पाणी ठरवते

पेडणे आणि डिचोली तालुक्यांच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात, रानजायफळाच्या झाडांच्या दोन छोट्या वस्त्या आहेत. एक सत्तरीतल्या बांबर इथली निरंकाराची राय आणि दुसरी दोडामार्ग तालुक्यातल्या हेवाळे-बांबर्डे इथली. दोन्ही ठिकाणी झाडे बारमाही दलदलीत उभी आहेत. भोवतालच्या कोरड्या रानात उन्हाळ्यात पाचोळा पायाखाली चुरचुरतो, तेव्हाही या झाडांच्या बुंध्याशी चिखल असतो. भारतातल्या अशा जंगलाची पहिली शास्त्रीय नोंद १९६० मध्ये केरळच्या दक्षिण टोकाकडून, जुन्या त्रावणकोरच्या परिसरातून झाली. पुढे १९६८ मध्ये चॅम्पियन आणि सेठ यांनी भारतीय वनांचे वर्गीकरण केले, तेव्हा त्याला स्वतंत्र वनप्रकार म्हणून जागा मिळाली. निरंकाराच्या राईचे वर्णन शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. बांबर्ड्याच्या राईला महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. तिचे क्षेत्र आहे २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरांच्याही आत. हा दर्जा मिळाला याचा आनंद आहेच. पण माझे म्हणणे असे की या साडेसहा एकरांभोवती रेघ ओढून राई जपली जाणार नाही. तिला पाणी देणारा सडा, म्हणजे वरचे जांभ्याचे पठार, आणि उतार त्या रेघेच्या बाहेर आहेत, आणि राईचा जीव तिथे आहे. हे फक्त या दोन रायांपुरते खरे नाही. खालच्या डिचोली-पेडण्यातल्या प्रत्येक झऱ्याला, कुळागराला आणि वायंगणाच्या शेताला तेच लागू आहे.

त्यासाठी आधी ही झाडे चिखलात जगतात कशी हे समजून घ्यावे लागेल. झाडाच्या मुळांनाही श्वास लागतो. साध्या जमिनीत मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून त्यांना हवा मिळते, पण दलदलीत त्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात आणि पाण्यात विरघळलेला थोडासा प्राणवायू कुजणाऱ्या पानांतच संपतो. किंजळ, आंबा, फणस अशी झाडे कायमच्या साचलेल्या पाण्यात गुदमरतात. जायफळाच्या कुळातल्या दोन जातींनी मात्र यावर वाट काढली आहे. 'जिम्नॅक्रॅन्थेरा कॅनॅरिका' या जातीची मुळे जमिनीतून वर येतात, गुडघ्यासारखा बाक घेतात आणि पुन्हा चिखलात शिरतात. पाण्यावर राहिलेल्या त्या बाकावर सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून हवा आत जाते. 'मिरिस्टिका मॅग्निफिका' या जातीला खोडाच्या खालच्या भागातून तिरकी आधारमुळे फुटतात. मऊ चिखलात उंच झाडाला ती तोलून धरतात. पश्चिम घाटातल्या या कुळाच्या जातींपैकी खऱ्या अर्थाने दलदलीला बांधलेल्या या दोनच. रामपत्री देणारे रानजायफळ आणि इतर भाईबंद ओलसर रानातही वाढतात, दलदलीच्या काठाने ती सोबतीला असतात. मॅग्निफिकाला जागतिक संवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त ठरवले आहे. हे सगळे कूळ सपुष्प वनस्पतींच्या फार जुन्या शाखेतले. मसाल्याच्या डब्यातले जायफळ बांदा बेटांवरून आले आणि गोव्याच्या कुळागरांत रुजले. हे रानातले भाईबंद मात्र इथलेच.

गुडघ्याएवढ्या मुळांची ही रचना पाण्याच्या ठरावीक पातळीशी बेतलेली आहे, आणि सगळा प्रश्न इथेच आहे. पाणी उतरले तर चिखल सुकतो. मग कोरड्या जमिनीतली जोमदार झाडे आत घुसतात आणि दलदलीच्या झाडांची मक्तेदारी मोडते. पाणी चढून गुडघे बुडाले तर हवेचे दार बंद होते आणि उभे झाड हळूहळू मरते. बियांची गोष्टही अशीच. या झाडांचे बी मोठे असते. रोपाला पाण्याच्या वर झटपट डोके काढता यावे एवढी शिदोरी त्यात भरलेली असते. पण ते सुकले की मरते. धान्याच्या बियाण्यासारखे कणगीत भरून पुढच्या वर्षी पेरता येत नाही. पडल्यानंतर काही दिवसांतच त्याला ओली जमीन मिळाली पाहिजे. शिवाय या झाडांत नर आणि मादी वेगळी असतात, म्हणजे एकटे वाचलेले झाड वंश चालवू शकत नाही. एका ओघळाच्या काठची पाच-पन्नास झाडे सुकली, तर त्या ओघळातून ही जात संपली असेच समजायचे. पुन्हा बी आणून टाकणारे कोणी लागते, आणि ते पडायला चिखलही शिल्लक लागतो.

बी आणणारे आहेत, निदान अजून आहेत. फळ तडकले की आतल्या बियेभोवती लाल-केशरी जायपत्रीची जाळी दिसते. तिच्यात चरबी भरपूर, त्यामुळे मोठ्या पक्ष्यांना ती खुणावते. धनेश, ज्याला कोकणात ककणेर म्हणतात, आणि डोंगरातली मोठी रानकबुतरे या कुळातल्या बिया गिळतात, जायपत्री पचवतात आणि बी दूर कुठेतरी टाकतात. ढोलीत घरटे करणाऱ्या धनेशाला उंच, जुनी झाडे लागतात आणि त्या झाडांना धनेश लागतो. खाली पडलेल्या बियांचे काय होते, याचा केरळमधल्या दलदलींत अभ्यास झाला. तेव्हा गोड्या पाण्यातले खेकडे त्या ओढून बिळांत नेताना आढळले. त्यातल्या किती रुजतात आणि किती फस्त होतात हा पुढचा प्रश्न, पण झाडाच्या वंशाचा निकाल चिखलातल्या खेकड्याच्या हातीही असतो, हे विसरता येत नाही. फुलांवर येणारे लहान भुंगेरे, कुजक्या पानांतल्या अळ्या, त्यांवर जगणारे बेडूक, बेडकांवर टपलेले साप, ओहोळातले मासे आणि त्यांच्या मागावरची पाणमांजरे, हा सगळा गोतावळा त्या ओलाव्यावर पोसतो. केरळमधल्या अशाच दलदलींतून २०१३ मध्ये झाडावर राहणाऱ्या बेडकाची एक नवी जात आणि तिच्यासाठी नवी प्रजातीच (जीनस) शास्त्राला नोंदवावी लागली. तिच्या नावातच या दलदलीचा उल्लेख आहे. उत्तर कन्नडमधल्या काथलेकानच्या दलदलीत २००० मध्ये बिब्ब्याच्या कुळातले एक नवे झाड सापडले आणि त्याला त्या रानाचेच नाव मिळाले. आपल्या सत्तरीतल्या केरी परिसरातून २००७ मध्ये देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली, 'गेजेनिओफिस गोएन्सिस'. ती दलदलीपुरती नाही, पण ओल्या मातीवरच जगणारी आहे. पाय नसलेला, मातीत राहणारा हा उभयचर प्राणी शेतकऱ्याला गांडूळ वाटतो आणि तसाच दुर्लक्षिला जातो. गोव्याच्या ओल्या मातीत अजून काय दडले आहे, याची मोजदाद पुरी झालेली नाही. मोजण्याआधीच ती माती सुकवायची घाई मला अक्षम्य वाटते.

आता पाणी येते कुठून ते पाहू. गोव्यातला आणि दक्षिण कोकणातला डोंगर वरून पाहिला तर माथ्यावर सडा असतो. जांभ्याच्या कातळाचे हे पठार उन्हाळ्यात ओसाड दिसते, म्हणून सरकारी कागदांत त्याची किंमत कमी. प्रत्यक्षात तो जांभा छिद्रांचा आणि भेगांचा असतो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. सडा त्यातला काही भाग भेगांमधून आत घेतो. खाली चिकणमातीचा थर लागला की ते पाणी आडवे सरकते आणि उताराच्या पायथ्याशी झरीच्या रूपाने बाहेर येते. दरी अरुंद आणि तळ सपाट असला तर ते तिथेच रेंगाळते. अशाच तळात रानजायफळाची राई वाढते. सड्यावर पडलेला आषाढातला थेंब चैत्रात राईच्या मुळांशी पोचतो, तेव्हा ही दलदल बारमाही राहते. सडा, उतार, झर, दलदल आणि खालचा व्हाळ ही एकच रचना आहे. सर्व्हे क्रमांक मात्र तिचे पाच तुकडे करतात, मालक वेगवेगळे दाखवतात, आणि परवानगी देणारी खातीही वेगवेगळी असतात.

आपल्या पूर्वजांना ही रचना ठाऊक होती, असे मानायला जागा आहे. उत्तर कन्नडमधल्या जंगलांचा अभ्यास करणाऱ्या परिस्थितीशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की तिथल्या दऱ्यांतल्या सुपारी-मसाल्याच्या बागांनी पूर्वीच्या जायफळ-दलदलींचीच जागा घेतली आहे. गोव्याच्या कुळागरांकडे पाहिले की ते पटते. दोन टेकड्यांमधली सावलीची जागा, वरून येणारी बारमाही झर, पाटाने फिरवलेले पाणी, त्यात पोफळी, माड, केळी, मिरवेल आणि जायफळ. डिचोलीतली कुळागरे आणि झरीखालची वायंगणाची शेते अशाच तळांत आहेत. म्हणून कोणी विचारेल, दलदलींचा पहिला घास शेतकऱ्यानेच घेतला, मग आज खाणीला आणि बांधकामाला दोष का? आक्षेप खरा आहे आणि टाळण्यासारखा नाही. कुळागराने रानाची झाडे घालवली, देवगांडुळाची आणि बेडकांची घरे आकसली. पण त्याने झर घालवली नाही. कुळागराचा मालक झरीवर जगत होता, म्हणून वरचा उतार तो मोडू देत नव्हता, आणि दरीच्या तोंडाशी एखादी राय देवाच्या नावाने सोडत होता. झाडे बदलली तरी पाण्याची रचना शाबूत राहिली. त्यामुळेच आज एखाद्या दरीत रान परत आणायचे म्हटले तर आणता येईल. सडा कापल्यावर ती शक्यताही राहत नाही.

डिचोलीने याचा अनुभव घेतला आहे. शिरगावच्या लोहखनिजाच्या खाणी खोल जात जात समुद्रसपाटीच्याही खाली गेल्या. भूजलाच्या पातळीखाली खड्डा खणला की चारी बाजूंचे पाणी त्यात झिरपते. खनिज काढायचे तर ते रात्रंदिवस पंपाने उपसून बाहेर टाकावे लागते. गावच्या विहिरी आणि झऱ्या आटल्या, शेती बसली आणि गाऱ्हाणे उच्च न्यायालयापर्यंत गेले. लईराईच्या जत्रेसाठी सगळ्या गोव्यात ओळखल्या जाणाऱ्या या गावाला पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, आणि २०१८ मध्ये ८८ लीजांची नूतनीकरणे रद्द झाली. डिसेंबर २०२२ च्या लिलावानंतर डिचोलीच्या खनिज पट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले, आणि त्या पट्ट्यात मयें, मुळगाव, लामगाव, शिरगावची जमीन येते. पेडण्यात वेगळ्या कारणाने तेच घडते. मोप्याचे पठार मोठे आणि त्याच्या चारी बाजूंनी झऱ्या फुटतात. त्यांच्यावर खालच्या गावांची शेते आणि बागायती अवलंबून. तिथे विमानतळ उभा राहिला. त्याची पर्यावरण मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली होती, जानेवारी २०२० मध्ये जादा अटी घालून स्थगिती उठवली, आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. विमानतळ आता आहे. त्यावर जुना वाद उकरून हाती काही लागणार नाही. पण त्याच्या भोवती जी हॉटेले, गोदामे आणि वसाहती येऊ घातल्या आहेत, त्या त्याच सड्यावर येणार. फरसबंदी झालेल्या सड्यावरचे पाणी मुरत नाही, ते तासाभरात गटाराने व्हाळात उतरते. मग पावसाळ्यात पूर येतो आणि मार्चमध्ये झर कोरडी पडते.

इथे दोडामार्गचा संबंध थेट आहे. तिथल्या डोंगरांत उगम पावणारी तिळारी साळ-इब्रामपूरच्या परिसरात गोव्यात शिरते, शापोरा होते आणि पेडणे-बारदेशची सीमा होऊन समुद्राला मिळते. तिळारी धरण हा दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प, आणि त्यातल्या पाण्याचा जवळपास तीन चतुर्थांश वाटा गोव्याचा. पेडणे, डिचोली, बारदेशचे कालवे आणि नळ त्यावर चालतात. बांबर्ड्याची साडेसहा एकरांची राई पेडण्याच्या नळाला पाणी पुरवते, असा दावा मी करणार नाही. तो खोटा ठरेल. पण ज्या डोंगरउतारांनी त्या राईची दलदल बारमाही ठेवली, तसेच उतार त्या खोऱ्यात शेकडो आहेत आणि नदी त्यांच्या बेरजेने वाहते. राई सुकू लागली की बाकीच्या उतारांचेही काही खरे नाही, हे कळते. हवामान खात्याच्या पर्जन्यमापकापेक्षा ती जास्त सांगते, कारण पडलेल्या पावसातला किती मुरला याचा हिशेब तिच्या मुळांशी असतो. दोडामार्गात रानावर कुऱ्हाड चालवून रबर आणि अननसाचे मळे उभे राहिले, हे आता सर्वज्ञात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर बंदी घातली, आणि मार्च २०२४ मध्ये तिथली पंचवीस गावे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याचे निर्देश दिले. महाराष्ट्राने २०२० मध्ये तिळारीला २९.५३ चौरस किलोमीटरचे संवर्धन राखीव क्षेत्रही जाहीर केले. हे निर्णय महत्त्वाचे आहेत आणि त्यांचा फायदा सर्वांत जास्त गोव्याला होणार आहे. गोव्याच्या विधानसभेत या राखीव क्षेत्राविषयी आस्थेने बोलले गेले पाहिजे, म्हादई नदीइतकेच.

रोपवाटिकेचा पर्याय नेहमी पुढे केला जातो. रोपे तयार करा, दुसरीकडे लावा, जात वाचेल. उत्तर कन्नडात अशा रोपांचे आणि दलदलींच्या पुनरुज्जीवनाचे प्रयत्न झाले आहेत आणि ते व्हायलाच हवेत. मात्र लावायला बारमाही चिखल लागतो आणि चिखल रोपवाटिकेत तयार होत नाही. दुसरा पर्याय अधिक फसवा, कारण तो सद्भावनेने येतो. राईखाली एखादा वसंत बंधारा बांधा म्हणजे ओलावा टिकेल, असे सुचवले जाते. पाणी अडवणे चांगलेच, हे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण गुडघ्यांच्या उंचीवर पाणी चढवणारा बंधारा सुकवणाऱ्या खाणीइतकाच घातक ठरेल. अडवायचे ते वर, सड्यावर आणि उतारावर, आणि तेही मुरवण्यासाठी.

राहिला श्रद्धेचा मुद्दा. निरंकाराची राय देवाच्या धाकाने टिकली, बांबर्ड्याची राईही देवराई म्हणूनच राहिली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हापासून हे वारंवार दिसले आहे की वनखाते पोचले नाही तिथेही देवाने रान राखले. मग कायदा कशाला, असे गावकरी विचारतात, आणि त्यांच्या प्रश्नात सरकारविषयीचा रास्त अविश्वास आहे. देवाचा धाक आपले काम करतो, पण त्याची हद्द राईच्या शेवटच्या झाडाशी थांबते. वरच्या सड्याचा मालक परगावचा असतो, कंपनी असते. त्याला निरंकाराची आण घालता येत नाही. शिवाय धाक कुऱ्हाडीला अडवतो, पाणी आटण्याला अडवू शकत नाही. रामपत्रीसाठी फांद्या तोडणाऱ्याला गाव ओळखते आणि हटकते. दोन मैलांवरच्या बोअरवेलला कोण हटकणार?

कायद्यात यासाठी लागणारी कल्पना आधीच आहे. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांत पाणथळीबरोबर तिच्या प्रभावक्षेत्राचीही आखणी करावी लागते. प्रभावक्षेत्र म्हणजे पाणलोटाचा तो भाग, जिथल्या कामांनी पाणथळीवर वाईट परिणाम होईल. राईची हद्द पाण्याने ठरवण्याचा हाच मार्ग. पण त्याच नियमांनी वनकायद्यांखालच्या जमिनीतल्या पाणथळी बाहेर ठेवल्या आहेत. वनकायदा झाडे आणि जमीन पाहतो, पाणथळ नियम तलाव पाहतात, आणि झाडांची पाणथळ दोघांच्या मधून निसटते. जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खालचा वारसा स्थळाचा दर्जा ही फट बुजवू शकेल. डिचोलीतल्या सुर्ल गावची पुर्वातळी राय याच दर्जाने गोव्यातले पहिले वारसा स्थळ ठरली, तीही खाणपट्ट्यातली. अशा प्रत्येक स्थळाच्या व्यवस्थापन आराखड्यात वरच्या पाणलोटाचा नकाशा, त्यातल्या झऱ्यांची यादी आणि त्या पाणलोटात खोदाई, फरसबंदी व बोअरवेल यांवर बंधन लिहिले गेले पाहिजे. याची सुरुवात गावातून होऊ शकते. प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकांची जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बहुतेक नोंदवह्यांत झाडांची, पक्ष्यांची, औषधी वनस्पतींची नावे भरलेली असतात. त्यात प्रत्येक झरीसाठी एक पान घालावे: ती कुठल्या सड्याखाली फुटते, तिच्यावर कोणती कुळागरे आणि शेते आहेत, आणि मार्च, एप्रिल, मे महिन्यांत ठरलेल्या दिवशी एक घागर भरायला किती वेळ लागतो. घागर आणि घड्याळ यांपलीकडे त्याला साधन लागत नाही, शाळेतली मुलेही ते करतील. पाच-सात वर्षांच्या अशा नोंदी हाती असल्या, तर सड्यावरच्या पुढच्या प्रकल्पाच्या जनसुनावणीत पेडण्याच्या किंवा डिचोलीच्या शेतकऱ्याला आपले पाणी कमी झाले हे स्वतःच्या आकड्यांनी दाखवता येईल, आणि कंपनीच्या अहवालाला उत्तर देता येईल.